कृपेचें दान: पंडिता रमाबाईंच्या चरित्रांतील एक प्रश्न

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील चर्चा ठरलेल्या वाटेनेंच जाते. त्यांनीं धर्मांतर कां केलें, शारदासदनांत काय घडलें, आणि चूक पुणेकरांची कीं बाईंची, एवढे तीन प्रश्न झाले कीं विषय मिटतो. आम्हांस या चरित्रांत एक चौथा प्रश्न दिसतो, आणि तो फारसा कोणी विचारीत नाहीं. १८८३ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंनीं १९०७ सालीं आपली साक्ष प्रसिद्ध केली, तींत त्या सांगतात कीं, ख्रिस्ती धर्म आपणांस सांपडला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त सांपडण्यास पुढें सुमारें आठ वर्षें लागलीं. तीं आठ वर्षें कशांत गेलीं?

प्रश्न समजण्यासाठीं ख्रिस्ती शास्त्रांतील एक मुद्दा पाहिला पाहिजे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभींच असें सांगितलें आहे कीं, सर्व आत्मिक आशीर्वाद ख्रिस्ताच्या ठायीं देऊन झालेले आहेत. पापांची क्षमा, देवाच्या घरांत दत्तकपण, वारसा आणि त्या वारशाचा विसार म्हणून पवित्र आत्मा, असे ते आशीर्वाद होत. दत्तक गेलेला मुलगा वतन कमावीत नाहीं. तें त्यास मिळतें. मनुष्याकडे उरतें तें एवढेंच कीं, दिलेलें ओळखावें आणि हात पुढें करून घ्यावें. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु ज्या घरांत प्रत्येक फळ कष्टानें मिळवावयाचें असतें, त्या घरांतील माणसास याहून अवघड गोष्ट दुसरी नाहीं.

रमाबाईंचें घर तसेंच होतें. त्यांचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेची पर्वा न करतां पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि पुढें घरदार सोडून ते कुटुंबासह तीर्थयात्रेस निघाले. देवळांत पुराण सांगावें, मिळेल तें दानधर्मांत घालावें, व्रतें आणि उपोषणें करावीं, हाच क्रम वर्षानुवर्षें चालला. मग मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. होतें तें विकून झालें, ब्राह्मणांस देऊन झालें, देवांपुढें अनुष्ठानें झालीं. अखेर तिरुपतीकडील रानांत पाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेलीं. मागें राहिलीं तीं रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. अनंतशास्त्र्यांच्या निष्ठेविषयीं आम्हांस आदरच वाटतो; हातचें कांहीं राखून ठेवणारा तो पुरुष नव्हता. पण सर्वस्व वेंचूनही देवानें आपला शब्द ऐकला नाहीं, ही वेदना त्या मुलीच्या मनांत किती खोल गेली असेल!

पुढें १८७८ सालीं कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. धर्मशास्त्रें वाचण्यास मिळालीं, आणि स्त्रीला स्वतःच्या अधिकारानें मोक्ष नाहीं, हाच अर्थ त्यांतून हातीं आला. भाऊ गेला, पती बिपिनबिहारी मेधावी हेही १८८२ त गेले, आणि लहानग्या मनोरमेस घेऊन बाई आधीं पुण्यास व नंतर इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठाकडून पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें एक आश्रयगृह त्यांनीं पाहिलें, तेव्हां शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनास भिडली. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानें बुद्धीची खात्री पटविली. तरी बाप्तिस्म्यानंतरही सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारांत त्या त्रैक्य, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार यांवर निकरानें वाद घालीत राहिल्या. गुरुस्थानीं मानलेल्या बाईंसही त्यांनीं बजावलें कीं, आपली विवेकबुद्धी आपण कोणाच्या स्वाधीन करणार नाहीं. हा बाणा आम्हांस फार आवडतो.

मात्र वादांत जिंकून अंतःकरण निवालें नाहीं. मतें पटलीं, विधि झाला, सेवाही सुरू झाली. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें. आमच्या मतें बाई या काळांतही नकळत वडिलांच्याच वाटेनें चालत होत्या. केवळ व्रतांच्या जागीं सत्कर्में आलीं होतीं. अशा वेळीं विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त त्यांच्या हातीं आलें. हा कॉर्नवॉलमधील गृहस्थ कित्येक वर्षें धर्मोपदेश करीत होता, आणि १८५१ सालीं स्वतःच प्रवचन करीत असतां व्यासपीठावर त्याचें मन पालटलें! तें वाचून बाईंस प्रश्न पडला कीं, आपली स्थिति अशीच तर नाहीं? पापमुक्ति ही पुढें केव्हां तरी मिळवावयाची वस्तु नसून आज, आहे त्या स्थितींत स्वीकारावयाचें दान आहे, हें त्यांनीं १८९१ च्या सुमारास ओळखलें.

'कृपा' हा शब्द महाराष्ट्रास कांहीं नवा नाहीं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांच्या अभंगांतूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते मानीत. रमाबाईंस भागवत मुखोद्गत होतें. पण घरांत त्याचें पारायण फलप्राप्तीसाठीं झालेलें त्यांनीं पाहिलें होतें. एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनीं नांदतो तो असा.

या लाभाची किंमत लवकरच द्यावी लागली. बाई प्रार्थनेस बसल्या कीं दार उघडें असे, आणि सदनांतील मुली येऊन शेजारीं बसत. धर्माच्या बाबतींत हात न घालण्याचें अभिवचन मोडलें, असें सल्लागार मंडळास वाटलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृतींनीं राजीनामे दिले. पालकांचा विश्वास डळमळला हें खरें, आणि त्यांची तक्रार आम्ही पोकळ म्हणणार नाहीं. परंतु जें फुकट मिळाल्याचा आनंद झाला तें दार लावून उपभोगणें बाईंच्या स्वभावांत नव्हतें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुली शेंकड्यांनीं घेऊन आल्या. स्वतः पाला खाऊन जगलेल्या बाईंस त्या चेहऱ्यांची ओळख पटण्यास वेळ लागला नसेल. केडगांवच्या मुक्तिसदनांत १९०० च्या सुमारास २,००० च्या आसपास माणसें जेवत होतीं, आणि निश्चित उत्पन्नाचा भरवसा नव्हता. १९०५ च्या जानेवारींत सुमारें ७० जणी रोज प्रार्थनेस जमूं लागल्या. जूनअखेर तेथें मोठें आत्मिक जागरण झालें. मुली रडत, मोठ्यानें पापें कबूल करीत, शेंकडों कंठ एकाच वेळीं प्रार्थना करीत. कित्येक मिशनऱ्यांसही हा प्रकार अतिरेकाचा वाटला. बाईंनीं तो दाबला नाहीं. हिंदी स्त्रियांनीं आपल्याच रीतीनें देवापुढें रडावें, असें त्यांचें मत होतें.

शेवटचीं वर्षें त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाच्या भाषांतरास दिलीं. पंडितेनें येथें पांडित्य जाणूनबुजून बाजूस ठेविलें. खेड्यांतल्या बाईस वाचतां क्षणीं कळेल अशी मराठी तिनें वापरली. मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत तेथील मुली खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. तें संपूर्ण बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें.