माथा आणि पायथा : अहमदनगर जिल्ह्यातील पाणलोट-पुनरुज्जीवनाचा इतिहास

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) पाण्याचा इतिहास हा मुळात एका विषम भूगोलाचा इतिहास होय. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा माथा आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच असून त्याच प्रदेशात, रतनगडाच्या परिसरात, प्रवरा उगम पावते. तेथे पाऊस धो धो कोसळतो. परंतु घाटमाथा ओलांडून थोडे पूर्वेस आले की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो, आणि पारनेर, नगर, कर्जत यांसारख्या तालुक्यांत वर्षाकाठी चारशे ते सहाशे मिलिमीटर पाऊसही हमखास पडेल असे नाही. मुळा आणि प्रवरा यांचे पाणी गोदावरीस मिळते. सीना व घोड भीमेकडे वळतात. या विषमतेतून जिल्ह्यात जलव्यवस्थेच्या दोन परंपरा निर्माण झाल्या. एक नदीवर धरण बांधून कालव्याने पाणी नेण्याची, दुसरी पडेल त्या पावसाला डोंगरमाथ्यावरच अडविण्याची. या दोन्ही परंपरांत नदीचे व ओढ्याचे पुनरुज्जीवन नेमके कशाने साधले, बांधकामाने की पाण्याच्या वापरावरील नियमाने, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

जिल्ह्यातील या इतिहासाचा एक जुना दुवा भातोडीच्या तलावाशी जोडलेला आहे. नगरच्या पूर्वेस मेहकरी नदीवरील या तलावाची निर्मिती मुर्तजा निजामशहाचा (१५६५–१५८८) वजीर सलाबतखान याच्याकडे दिली जाते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबराने याच तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल माजविला, ही हकीगत प्रसिद्ध आहे. जे पाणी पिकासाठी अडविले तेच शस्त्र म्हणून सोडले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अमदानीत तलावाची दुरुस्ती होऊन तो पुन्हा सिंचनाखाली आणण्यात आला. ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाचा त्या काळातील अर्थ येथे स्पष्ट होतो. बांध, सांडवा व पाट दुरुस्त झाले की काम संपले. ज्या टेकड्यांवरून पाणी व गाळ तलावात येई, त्या टेकड्या पाटबंधारे खात्याच्या विचारकक्षेबाहेर होत्या.

प्रवरेच्या खोऱ्यात याच दृष्टीने, परंतु फार मोठ्या प्रमाणावर, काम झाले. ओझर व लाख येथील बंधाऱ्यांवरून निघालेले कालवे एकोणिसाव्या शतकातील होत. मात्र नदीला उन्हाळ्यात पाणीच नसल्यामुळे त्यांची उपयुक्तता मर्यादित राही. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनंतर १९०१–०३ च्या पाटबंधारे आयोगाने संरक्षक सिंचनाचा पुरस्कार केला. १९१० मध्ये भंडारदरा धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी धरणात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. दुष्काळात ज्वारी-बाजरी जगवावी हा हेतू होता. प्रत्यक्षात कालव्याच्या पाण्याने उसाचा प्रदेश निर्माण केला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, ही त्या प्रदेशाची परिणती होय.

परंतु पाण्याची विपुलता हीच येथे व्याधीचे कारण ठरली. दख्खनच्या भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा अतिशय मंद होतो. उसाला दिलेले जादा पाणी व कालव्यातील पाझर खाली मुरून भूजलाची पातळी वर चढते. केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागी येतात आणि जमीन प्रथम चिबड व नंतर खारवट होते. या दुष्परिणामांचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ मध्ये एक विशेष सिंचन विभाग स्थापन केला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेचे मूळ तेच होय. उपाय दोन प्रकारचे होते. पहिला बांधकामाचा, म्हणजे खालच्या मुरुमाच्या थरापर्यंत चर खोदून पाणी ओढ्यात काढून देणे. दुसरा नियमाचा, म्हणजे विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर आणलेल्या ब्लॉक पद्धतीप्रमाणे, उसाचे क्षेत्र ठरावीक मर्यादेत बांधून उरलेले पाणी हंगामी पिकांना देणे. चर खोदता येतात. मर्यादा पाळवून घेणे कठीण असते.

अवर्षणप्रवण पठारावर स्थिती अगदी उलट होती. तेथे मृद्‌संधारणाला वैधानिक अधिष्ठान मिळाले ते १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने. त्यानंतर शेतजमिनीवर बांधबंदिस्तीची विस्तृत कामे झाली. तथापि या कामांत दोन उणिवा राहिल्या. बांध पुष्कळदा समपातळीपेक्षा मालकीच्या हद्दीचे अनुसरण करीत. आणि उपचार शेतात होत असताना वरचा डोंगर उघडाच राही. उघड्या डोंगरावरून वेगाने येणारा लोंढा खालचे बांध फोडून जाई. १९७२ च्या दुष्काळात हजारो मजूर खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर गेले. त्याच अनुभवातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या अधिनियमाने कायद्याच्या कक्षेत आली. मजुराला काम मिळाले, हे या योजनेचे मोठेच श्रेय. परंतु तलावात पाणी टिकते की नाही, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी अनुत्तरित राहिला.

राळेगणसिद्धी (तालुका पारनेर) येथे तो प्रश्न प्रत्यक्ष समोर उभा होता. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा गावाची ओळख दारूच्या भट्ट्यांमुळे होती आणि शासनाने बांधलेल्या पाझर तलावात पाणी ठरत नव्हते. श्रमदानाने तलावाची गळती काढण्यात आली. खालच्या विहिरींना पाणी आले. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीचा आदर्श समोर होता. माणशी पाण्याचा वाटा, भूमिहीनालाही हक्क आणि उसाला मनाई, ही तिची सूत्रे. राळेगणातही नालाबांधांइतकेच महत्त्व जादा पाणी पिणारी पिके न घेण्याच्या आणि विहिरी सामाईक ठेवण्याच्या निर्णयांना आहे.

या पद्धतीचे तंत्र ‘माथा ते पायथा’ या शब्दप्रयोगात सामावले आहे. माथ्यावर समपातळी चर, उतारावर गवत व झाडे, घळीत दगडी बांध, ओढ्यावर नालाबांध आणि सर्वांत शेवटी पाझर तलाव, असा क्रम असतो. क्रम उलटला तर तलाव गाळाने भरतो. बेसॉल्टच्या कठीण खडकात पाणी साठते ते केवळ वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत. म्हणून ते सावकाश मुरविणे हाच उपाय उरतो. ओढ्याच्या काठाला येथे विशेष महत्त्व आहे. काठावर गवत, बाभूळ, करंज यांची मुळे माती धरून ठेवतात. प्रवाहाचा वेग कमी होतो आणि डोहांत पाणी अधिक काळ राहते. पाण्याबरोबर काठावरचे जीवसृष्टीचे आश्रयस्थानही परत येते. म्हणूनच कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे नैतिक नियम भासले तरी वस्तुतः ते जलशास्त्रीय उपाय होत.

१९९० नंतर या प्रयोगांना संस्थात्मक रूप लाभले. राज्य शासनाने आदर्श गाव योजना आखली. जिल्ह्यात दीर्घकाळ कार्य केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून, नाबार्डच्या सहभागाने, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. १९९३ मध्ये वॉटर ही संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्याचे एक अभ्यसनीय उदाहरण. मात्र चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. बागायतदाराची विहीर भरते, त्याच वेळी मेंढपाळाचे व भूमिहीनाचे कुरण बंद होते. बंदी टप्प्याटप्प्याने लागू करणे आणि कापून नेण्याच्या गवतात त्यांना वाटा देणे, हे म्हणून न्यायाचे व व्यवहाराचेही प्रश्न ठरतात.

हिवरे बाजार (तालुका नगर) येथे या विचाराची पुढील पायरी दिसते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. वनीकरण, चर व बंधारे यांची कामे रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेतून झाली. परंतु गावाचे वैशिष्ट्य बंधाऱ्यांत नाही. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि पावसाची मोजणी करून ग्रामसभेने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, या शिस्तीत ते आहे. पिण्याचे पाणी आधी, पिकाचे नंतर. पाऊस कमी तर पीकही कमी. ज्या मर्यादेसाठी कालव्यावर सरकारी खाते झगडत राहिले, ती येथे गावाने स्वतःवर घालून घेतली.

तथापि गावाची शीव ही पाणलोटाची शीव नव्हे. वरच्या गावाने अडविलेला प्रत्येक थेंब खालच्या गावाच्या हिशेबातून वजा होऊ शकतो. मुळा व भंडारदरा-निळवंडे धरणांतून खाली जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा वाद याच तत्त्वाचे मोठे रूप आहे; २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमातील समन्यायी वाटपाचे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ग्राह्य धरले. दुसरीकडे, २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानात यंत्रांनी नाले खोल व रुंद करण्यावर भर राहिला. भूजलपातळी वाढविण्याचे व गावे जलपरिपूर्ण करण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही, असा अभिप्राय नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात आढळतो. नाला खोल केल्याने काठ तुटतो, काठाची वनस्पती जाते, आणि उपशावर बंधन नसेल तर साठलेले पाणी एका हंगामात संपते.

भातोडीच्या बांधापासून हिवरे बाजारच्या ताळेबंदापर्यंतचा हा प्रवास पाहिला असता एक निष्कर्ष निघतो. बांधकाम पाणी आणते. ते टिकते की नाही हे वापराच्या नियमावर अवलंबून असते, आणि नियम टिकतो की नाही हे त्याचा भार कोणावर पडतो यावर. या जिल्ह्यात लहान पाणलोटांची शिस्त काही गावांनी सिद्ध करून दाखविली आहे. प्रवरेसारख्या संपूर्ण खोऱ्यासाठी, अकोल्याच्या माथ्यापासून प्रवरासंगमापर्यंत, तशी एक ग्रामसभा कशी भरवावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतिहासाला अद्याप मिळालेले नाही.