साडेनऊ इंचांची किंमत : स्पेसर, रुंद आस आणि सांताक्रूझची लोकल

१. एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानवाटांवर चालणारी जाड टायरांची चारचाकी, बाळगणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांतील अंतर वाढवायचे आहे, पण कसे? चाक आणि हब यांच्यामध्ये धातूची जाड चकती, म्हणजे स्पेसर, बसवावा, की मूळ ॲक्सल, आपल्या भाषेत आस, काढून अधिक रुंद आस घालावा? आजचा धागा या प्रश्नाच्या एका थोरल्या भावंडाविषयी आहे. ते भावंड सांताक्रूझ स्थानकातून रोज धावते.

२. आधी थोडे यंत्रशास्त्र. गाडी किती सहज कलंडेल हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात : चाकांतील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. स्पेसर स्वस्त, बसवायला सोपा आणि नको असेल तेव्हा काढता येणारा. मात्र आस तोच राहून चाक बाहेर सरकते, भाराची तरफ लांबते आणि तिचा ताण बेअरिंग व बोल्टांवर येतो. रुंद आस महाग पडतो, पण त्याची सारी जोडणी त्या रुंदीसाठीच घडवलेली असते.

३. रेल्वेला ही निवड उपलब्धच नव्हती. तिथे दोन्ही चाके प्रचंड दाबाने आसावर घट्ट बसवलेली असतात, आस आणि चाके एकत्र फिरतात, आणि चाकांच्या कडांना रुळांशी मेळ राखावा लागतो. मध्ये चकती घालून भागत नाही. रुंदी बदलायची तर आस, रूळ, कित्येकदा पूलही बदलावे लागतात. म्हणून निर्णय आरंभीच घ्यावा लागतो.

४. इंग्लंडमध्ये तो आरंभी घेतला गेला नाही. स्टीफन्सनचे रूळ ४ फूट ८॥ इंचांचे, तर ब्रुनेलचे ७ फुटांहून किंचित अधिक. दोन्ही जिथे भेटत त्या ग्लॉस्टरला माल एका गाडीतून दुसरीत चढवताना गोंधळ उडे. अखेर १८४६ मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. त्या काळात इंग्लंडच्या व्यापार मंडळावर बसून हा झगडा जवळून पाहणारा एक तरुण सरदार होता : लॉर्ड डलहौसी.

५. १८४८ मध्ये डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. इथल्या रेल्वेसाठी इंग्लंडचेच माप आणावे असा कंपनीच्या संचालकांचा प्रथम विचार होता. सरकारचे सल्लागार अभियंता सिम्स यांनी ५ फूट ६ इंच सुचवले. डलहौसीला तर ६ फूट हवे होते. निर्णय ५ फूट ६ इंचांवर, म्हणजे १.६७६ मीटरवर स्थिरावला. इंग्लंडच्या मापापेक्षा साडेनऊ इंच अधिक. पायाच सुमारे १७ टक्के रुंद झाला.

६. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच रुंदीवर धावली. पुढे बी. बी. अँड सी. आय. कंपनीने सांताक्रूझच्या परिसरातून जाणारा मार्ग टाकला, तोही याच मापाचा.

७. पण रुंद आस महाग. रेल्वे कंपन्यांना ५ टक्के व्याजाची हमी देऊन सरकारी तिजोरी वाकली होती. म्हणून १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत नव्या मार्गांसाठी मीटर गेज निवडले गेले. रूळ हलके, पूल लहान, वळणे अधिक तीव्र चालतात, खर्च कमी. त्या दिवशीच्या हिशेबात निर्णय चुकीचा नव्हता.

८. हिशेब पुढे आपल्या दारात आला. सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज मार्ग मीटर गेजचा. कोल्हापूर संस्थानाचा १८९१ चा मिरज-कोल्हापूर फाटाही तसाच. परिणामी कोल्हापूरहून मुंबईला निघालेल्या मालाला पुण्यात गाडी बदलणे भाग होते. वाचवलेला प्रत्येक इंच कुणीतरी हमाल पिढ्यान्‌पिढ्या पाठीवरून वाहत राहिला. पुणे-मिरज मार्ग रुंद झाला तेव्हा हा सांधा मिटला नाही. तो मिरजेला सरकला.

९. अरुंद आसही शहाणपणाने वापरता येतो, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अवघ्या २ फूट ६ इंचांची. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने प्रत्येक आसावरील भार ५ टनांच्या मर्यादेत राखून तो सारखा वाटला. त्यामुळे हलक्या रुळांवरही प्रशस्त डबे चालले. पंढरीच्या वारकऱ्यांची तिने दीर्घकाळ सेवा केली. मर्यादा ओळखली तर अरुंद पायाही निभावतो.

१०. तरीही देशाचा मोठा भाग अखेर रुंदीकडेच वळला. १९९२ पासून एकसमान गेजचे धोरण राबवले गेले आणि मीटर गेजचे मार्ग एकामागून एक उखडून पुन्हा टाकण्यात आले. बार्शीची लाइनही त्यात बदलली. एकदा वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागले.

११. आता सांताक्रूझच्या फलाटावर या. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद असतो. लांब पल्ल्याचा नेहमीचा डबा साधारण ३.२५ मीटर. एवढ्या रुंद डब्याला फलाट आणि शेजारच्या रुळाचे अंतरही तसेच लागते, हे खरे. पण गर्दीच्या वेळी चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसे उभी असताना तो डबा ज्या पायावर तोल सांभाळतो, तो डलहौसीच्या काळात ठरलेला आहे.

१२. मग स्पेसर की रुंद आस? भार हलका, वापर अधूनमधून आणि अरुंद पायवाटेसाठी पुन्हा मूळ रुंदीवर येण्याची गरज असेल, तर उत्तम प्रतीचा स्पेसर पुरेल. बोल्ट मात्र वरचेवर तपासावेत. भार मोठा आणि प्रवास वर्षानुवर्षांचा असेल, तर खर्च आसावरच करावा. रेल्वेचा इतिहास एवढेच सांगतो की रुंदीची किंमत चुकत नाही. ती आज कारखान्यात द्यायची की उद्या हमालाच्या पाठीवर टाकायची, एवढेच आपल्या हाती असते.

पुण्यात किंवा मिरजेला गाडी बदलल्याच्या आठवणी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडे असतील, तर खाली अवश्य लिहाव्यात.