यंत्राच्या पोटांतील यंत्र

इ. स. २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यांत निन्टेंडो या जपानी कंपनीनें तळहातावर मावेल एवढी एक करडी पेटी बाजारांत आणली. तिला दोन वायरी. एक विजेची, दुसरी टेलिव्हिजनची. जोडणी होतांच ३० खेळ पडद्यावर हजर! नवा खेळ आंत घालण्याची सोय नाहीं; पुढच्या बाजूस जें झांकण दिसतें तें निव्वळ शोभेचें असून उघडत नाहीं. अमेरिकेंत तिची किंमत ६० डॉलर होती. खिशांतल्या फोनमध्यें याहून कितीतरी अवघड खेळ चालत असतां या खेळण्यासाठीं दुकानांपुढें रांगा लागल्या. पांच महिन्यांत सुमारें २३ लाख पेट्या खपल्या. एप्रिल २०१७ मध्यें कंपनीनें उत्पादन थांबविलें, आणि मग त्याच पेट्या चढ्या दरानें हातोहात विकल्या जाऊं लागल्या. अखेर जून २०१८ मध्यें पेटी पुन्हां बाजारांत आणावी लागली.

या पेटीचा मूळपुरुष १९८३ सालचा. क्योटो शहरांत १८८९ मध्यें हानाफुदा नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीं जें घराणें धंद्यांत पडलें, त्याच्याच कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' हें यंत्र विक्रीस काढलें. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या इंजिनियराच्या हाताखालीं तें घडलें. त्याची चालू स्मृति अवघी २ किलोबाइट. आजच्या संकेतपद्धतीनें देवनागरी मजकूर सांठवूं म्हटलें तर पोस्टकार्डभर ओळी जेमतेम मावतील. दारिद्र्यांतला संसार माणसास काटकसर शिकवितो, तसेंच तेथें झालें. १९८५ चा 'सुपर मारियो ब्रदर्स' हा सबंध खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. त्यांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरचीं झुडुपें हें एकच चित्र आहे. रंग तेवढा निराळा. लक्षावधि मुलांनीं तो खेळ खेळला, पण ही चलाखी फार थोड्यांच्या ध्यानांत आली.

जगभर हीं यंत्रें ६ कोटींहून अधिक खपलीं. जपानांतील उत्पादन २००३ मध्यें बंद झालें आणि सुटे भाग मिळेनात म्हणून ३१ ऑक्टोबर २००७ नंतर कंपनीनें दुरुस्तीहि सोडली.

मग नव्या पेटींत जुनें यंत्र आलें कोठून? खरें पाहतां तें तेथें नाहींच. आंत साध्या फोनांत असते तशी एक चिप आहे आणि तिच्यावर एक कार्यक्रम चालतो. १९८३ च्या यंत्रासाठीं लिहिलेली प्रत्येक आज्ञा तो वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि आपल्या भाषेंत ती पार पाडतो. दुभाष्याचेंच काम म्हणावयाचें. मात्र हा दुभाषी पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळां बदलूनहि दमत नाहीं. ही कल्पना खेळण्यांच्या बाजारांत जन्मली नाहीं. १९६४ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें 'सिस्टिम/३६०' हीं यंत्रें जाहीर केलीं, तेव्हां जुन्या १४०१ यंत्रावरील हिशेब गिऱ्हाइकांना टाकून द्यावे लागूं नयेत म्हणून नव्या यंत्रास जुन्याचें सोंग घेण्यास शिकविलें होतें.

सोंग वठविणें मात्र सोपें नव्हे. मूळ यंत्रास पडद्याच्या एका आडव्या ओळींत आठच हलतीं चित्रें दाखवितां येत. नववें आलें कीं तें अदृश्य होई. म्हणून खेळ रचणारे चित्रांची पाळी लावीत आणि गर्दी झाली कीं सारीं चित्रें लुकलुकूं लागत. नव्या चिपेस आठ काय, आठशेंहि जड नाहींत. तरीहि ती लुकलुक जशीच्या तशी राखली आहे. चांगला नकलाकार ज्याची नक्कल करतो त्याचा खोकलाहि उचलतो, तसा हा प्रकार! कंट्रोलरची वायरहि इतकी आंखूड दिली कीं खेळ बदलावयाचा तर उठून पेटीजवळ जाऊन बटण दाबावें लागे.

निन्टेंडोच्या आधीं हा मार्ग इतरांनीं चोखाळला होता. जेरी एल्सवर्थ या, शाळा अर्धवट सोडून स्वतःच्या बळावर विद्या मिळविलेल्या, अमेरिकन बाईंनीं २००४ मध्यें १९८२ च्या कमोडोर ६४ या कॉम्प्युटरचें सारें विद्युन्मंडल एका चिपेवर उतरवून तें एका जॉयस्टिकच्या मुठींत बसविलें. ही नक्कल नव्हे, पुनर्जन्म होय. त्याहिपूर्वीं पूर्वेकडील अनामिक कारखान्यांनीं जपानी यंत्राची परवानगीवांचून एक-चिपी आवृत्ति काढली होतीच. १९९० नंतरच्या दशकांत भारतांत मूळ यंत्र क्वचितच आलें; घरोघरीं पोंचल्या त्या या नकला. कार्ट्रिजला सर्वजण 'कॅसेट' म्हणत, आणि तिच्यावर हजारों खेळांचा आंकडा छापलेला असला तरी निवडक खेळच फिरूनफिरून येत. मराठी घरांतल्या कित्येकांची मारियोशीं ओळख झाली ती अशा चोरट्या वाटेनें. मूळ मालकानें पुढें त्याच वाटेनें चालावें, हा नियतीचा विनोदच म्हणावा लागेल.

याहून मोठा विनोद सोनी कंपनीच्या वांट्यास आला. तिच्या प्लेस्टेशन यंत्राची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर तिनें १९९९ मध्यें दावा लावला, आणि २००० मध्यें अपिलाच्या कोर्टांत निकाल सोनीच्या विरुद्ध गेला. पुढें डिसेंबर २०१८ मध्यें सोनीनें आपली छोटी पेटी काढली, तेव्हां तिच्या आंत हौशी मंडळींनीं रचून सर्वांस खुला ठेवलेला नकलेचा कार्यक्रमच वापरला होता! तिच्यांतील २० खेळांपैकीं ९ युरोपांतील आवृत्तीचे, म्हणजे सेकंदास ६० ऐवजीं ५० चित्रांचे, म्हणून मंद वाटत. १०० डॉलरांची किंमत महिन्याभरांत ६० वर आली.

या साऱ्यांत प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज विकत मिळत नाहींत. फॅमिली कॉम्प्युटरसाठीं हजारांहून अधिक खेळ निघाले. पेटींत आले ३०. कोणते यावेत हें कंपनी ठरविते. कांहीं येऊंच शकत नाहींत. 'डक हंट' या खेळांतील बंदूक जुन्या काचेच्या टेलिव्हिजनवरील प्रकाशाचा नेमका क्षण पकडीत असे. सपाट पडद्यावर चित्र किंचित् उशिरां उमटतें आणि नेम व्यर्थ जातो. तो खेळ यादींत नाहीं.

उलट एक खेळ याच पेट्यांमुळें उजेडांत आला. 'स्टार फॉक्स २' हा खेळ पुरा होत आला असतां, नवें यंत्र दारांत उभें आहे म्हणून निन्टेंडोनें तो बासनांत गुंडाळून ठेवला. रचणाऱ्यांचे श्रम वीस वर्षांहून अधिक काळ तसेच पडून होते. सप्टेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंत व युरोपांत कंपनीची दुसरी पेटी निघाली, तिच्या २१ खेळांत तो प्रथमच लोकांसमोर आला. मात्र त्याचें दार एकदम उघडत नाहीं. आधीं १९९३ च्या पहिल्या 'स्टार फॉक्स'चा पहिला टप्पा पार करावा लागतो.