खापरावरचा नंबर

चौसाळ्याहून हायवेनं धाराशिवला जाताना एकदा वाट वाकडी करून तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथं आहे. त्यातली सातवाहनकालीन हस्तिदंती बाहुली बघाच. तिच्यासारखीच एक १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती!

पण नुसती वस्तू किती बोलणार? ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती, हे लिहिलेलं लागतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं शिरूर तालुक्यातल्या इनामगावात १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. खापरं धुऊन नंबर टाकायचे, हाडं आणि जळके दाणे प्रयोगशाळेत तपासायचे. त्यातून कळलं, की इ.स.पू. १०००नंतर तिथली शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. म. के. ढवळीकरांनी कारण मांडलं: अवर्षण. बीडवाल्यांना ते वेगळं काय सांगायचं! मोठा अहवाल छापून यायला मात्र १९८८ उजाडलं. हे मागचं काम असंच वेळखाऊ, आणि त्याचे रील कुणी बनवत नाही.

तेव्हा विहिरीच्या किंवा रस्त्याच्या खोदाईत जुनी खापरं दिसली, तर खिशात घालू नका. जागेवरच फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि तहसीलमध्ये कळवा.