पाणी गाळण्याची गोष्ट

वाचकहो, मी इतिहासाचा अध्यापक. राजे, लढाया, तह यांविषयी बोलावे अशी माझ्याकडून अपेक्षा. पण आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नाही तर शाळेच्या व्हरांड्यात उभी असेल. एकावर एक बसवलेली दोन स्टीलची भांडी, वरच्यात पांढऱ्या कँडल, खालच्याला तोटी. तिला वीज नको, पंप नको. पाणी आपल्याच वजनाने खाली उतरते आणि उतरता उतरता गाळले जाते.

या वस्तूकडे माझे लक्ष गेले ते एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका गावी होते. पिण्याच्या पाण्यासाठी नवा फिल्टर नेला होता आणि तो मीच जोडला. पाणी असे येई की पेल्याचा तळ दिसावा. चौथ्या दिवशी सहा मुले जुलाबाने आडवी झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. त्यांनी आधी फिल्टरचे झाकण काढले आणि कँडल बोटाने हलवून पाहिली. ती हलली. ‘सर, हिचा वायसर कुठे आहे?’ वायसर खोक्यात, पुडीत तसाच होता! पाणी कँडलमधून येतच नव्हते. तिच्या बुडाशी राहिलेल्या फटीतून ते सरळ खाली पडत होते. विहिरीचे पाणी मुळातच गढूळ नव्हते, म्हणून ते नितळ दिसे आणि मी ते गाळलेले समजे. मुले दोन-तीन दिवसांत बरी झाली. मला मात्र एक प्रश्न चिकटला. नितळ पाणी वेगळे आणि निर्धोक पाणी वेगळे, हे माणसाला कळले तरी केव्हा?

आपल्याकडे पाणी निवळण्याची विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यांत निर्मळीचे बी आहे, कमळाचे मूळ आहे, मोती आहे, तसे साधे वस्त्रही आहे. निर्मळीचे बी उगाळून पाण्यात ढवळले की गाळ एकत्र येऊन तळाला बसतो. तुरटीनेही हेच होते. जैन घरांत पाणी वस्त्रगाळ करूनच घ्यावे हा नियम आहे. त्यामागे हेतू पाण्यातला जीव वाचविण्याचा. त्यात पिणारा माणूसही वाचत होता, ही गोष्ट पुष्कळ उशिरा उमगली.

कशी, ते सांगतो. नारू हा रोग आजच्या मुलांना ठाऊक नाही, पण घरात कोणी वडीलधारे असेल तर विचारून पाहा. हातभर, कधी त्याहूनही लांब असा दोऱ्यासारखा कृमी पायाच्या फोडातून बाहेर येई आणि तो काडीला गुंडाळत दिवसचे दिवस काढावा लागे. पायऱ्यांच्या विहिरीत असा पाय बुडाला की कृमीची पिल्ले पाण्यात उतरत. सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव ती गिळतो आणि तो पाण्याबरोबर आपल्या पोटात जातो, हे रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी १८७० साली दाखविले. या रोगावर ना लस होती ना औषध. पण सायक्लॉप्स दाट कापडातून जाऊ शकत नाही! पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी कापडाने गाळणे, मुख्यतः या दोन साध्या उपायांवर हा रोग देशातून गेला. महाराष्ट्र हे नारूच्या राज्यांपैकी एक होते. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला.

कापडाची आणखी एक गोष्ट बांगलादेशची. तेथील खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी चौपदरी-आठपदरी करून घागरीच्या तोंडाला लावायला शिकविले. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू तिकडच्या तळ्यांत बारीक पाणकिड्यांना चिकटून राहतात. किडा अडला की जंतूही अडला. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की साडी वापरणाऱ्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली. साडी जुनीच हवी बरं का. धुऊन धुऊन तिचे धागे फुगतात आणि वीण दाट होते. पण सुटा जंतू मात्र साडीतून आरपार जातो.

कापडानंतर वाळू. १८०४ साली स्कॉटलंडमध्ये पेझली येथे जॉन गिब याने कापड शुभ्र करण्याच्या आपल्या कारखान्यासाठी पाणी वाळूतून गाळायला सुरुवात केली आणि उरलेले पाणी गावात विकले. १८२९ साली जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने लंडनमध्ये चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूचे मोठे गाळणे बांधले. हेतू इतकाच, की टेम्स नदीचे पाणी डोळ्यांना बरे दिसावे. रोगाचा विचार त्यात नव्हता. पटकी पाण्यातून पसरते हे १८५४ साली जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवतीचे मृत्यू मोजून दाखविले. पण जंतू त्यांना दाखविता आला नाही. तो रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली आपल्याकडे कलकत्त्यात, एका तळ्याच्या पाण्यात दाखविला.

मग १८९२ साल उजाडले. जर्मनीत हँबुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना इतकी चिकटलेली, की काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू एका शहरात आणि दुसरी दुसऱ्यात. दोन्ही शहरे एल्ब नदीचे पाणी पीत. हँबुर्ग ते न गाळता पीत असे. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी तिच्या वाट्याला. पण ती ते वाळूतून गाळून घेई. त्या वर्षी पटकीची साथ आली. हँबुर्गात साडेआठ हजारांवर माणसे मेली. आल्टोना जवळजवळ बचावली. घाण पाणी पिणारे शहर वाचले आणि त्यामानाने बरे पाणी पिणारे बुडाले, याचा अर्थ लावण्यासाठी मग कुणा पंडिताची गरज उरली नाही.

येथे शिक्षकबंधूंना एक प्रश्न पडेल. वाळूच्या दोन कणांमधली फट जंतूच्या मानाने वेशीच्या दरवाजाएवढी. मग जंतू अडला कसा? वाळू संथपणे, सतत पाण्याखाली राहिली की काही दिवसांत तिच्या माथ्यावर सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. जंतू मुख्यतः त्यात अडकतात आणि खाल्ले जातात. आपण वर्गात मडक्यांच्या उतरंडीत खडी, वाळू, कोळसा भरून जे गाळणे करून दाखवितो, त्यात हा पापुद्रा नसतो. प्रयोग जरूर करा, गढूळ पाणी नितळ होताना पाहून मुले हरखतात. पण ते पाणी त्यांना पाजू नका.

आता कँडल. १८८४ सालीच पॅरिसमध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी झिलई न दिलेल्या चिनीमातीची नळी तयार केली. तिची छिद्रे इतकी बारीक की जंतू बाहेर राहावा आणि पाणी झिरपावे. १८९१ साली हॅनोव्हरच्या विल्हेल्म बेर्केफेल्ड या खाणमालकाने दुसरी माती वापरली. डायटम नावाच्या सूक्ष्म पाणवनस्पतींचे सांगाडे युगानुयुगे साचून झालेली ती हलकी, भुसभुशीत माती. तिच्या कँडलमधून पाणी लवकर उतरे. तुमच्या फिल्टरमधली पांढरी कँडल या दोघींच्याच घराण्यातली. १८९४ साली वूडहेड आणि वूड या दोन डॉक्टरांनी इंग्लंडात बाजारातले घरगुती फिल्टर तपासले, तेव्हा बहुतेकांतून जंतू बिनदिक्कत पलीकडे जात होते. त्यांच्या कसोटीला पुरी उतरली ती शांबरलांची नळी. बेर्केफेल्डच्या कँडलविषयी पुढे असेही दिसले, की ती दिवसचे दिवस तशीच ठेवली तर अडलेले जंतू तिच्या भिंतीत वाढत वाढत आतल्या बाजूला पोचतात. म्हणून ती वरचेवर घासून उकळायची. पुढे कँडलमध्ये चांदीचा अंश घालू लागले तो ही वाढ रोखण्यासाठीच.

तेव्हा फिल्टर जोडताना काय पाहायचे, ते आता सहज समजेल. दोन्ही भांडी आणि तोटी साबणाने धुवा, पण कँडलला साबण लावू नका. तिच्या छिद्रांत तो राहतो. नवी कँडल रात्रभर पाण्यात भिजू द्या, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग बसवताना वायसर! माझ्यासारखे करू नका. पक्कड न वापरता चाकी हातानेच आवळा, पकडीने आवळाल तर देठ तुटेल. बसवल्यावर वरचे भांडे भरून, खालून निरखून पाहा. पाणी फक्त देठाच्या टोकातून ठिबकले पाहिजे, चाकीच्या कडेने ओघळता कामा नये. पहिली एक-दोन भांडी पाणी झाडांना घाला.

पाणी फार हळू येते, ही नेहमीची तक्रार. एका कँडलमधून तासाला एखाद-दोन लिटरच येते, त्याला इलाज नाही. पण १८५६ साली फ्रान्समधल्या दिजों शहरचे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून एक नियम काढला. वर पाण्याची उंची जितकी जास्त, तितके झिरपणे वेगाने. तेव्हा वरचे भांडे अर्धे न ठेवता भरलेले ठेवा, फरक दिसेल. तरीही धार मंदावली तर कँडलवर गाळ बसला आहे. मऊ ब्रशाने पाण्याखाली हलके घासा. साधी कँडल असेल तर नंतर पंधरा-वीस मिनिटे उकळा; चांदीची किंवा आत कोळसा भरलेली असेल तर उकळू नका. उलट, एके दिवशी धार अचानक वाढली तर आनंद मानू नका. तडा गेला असेल. भिजलेली कँडल पाण्यात बुडवून देठातून सायकलच्या पंपाने, स्वच्छ नळी लावून, हळू हवा सोडा. एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली की ती कँडल टाकून द्या.

आणि एवढे सगळे बिनचूक केले तरी एक शत्रू आत येतोच. १८९२ साली रशियात इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस शांबरलांच्या कँडलमधून गाळला. जंतू सगळे अडले, तरी गाळलेल्या रसाने निरोगी रोप आजारी पडले! कँडलमधून जाणारे ते काहीतरी म्हणजे विषाणू. आपल्या देशात त्याची किंमत दिल्लीने मोजली. १९५५च्या अखेरीस यमुनेतल्या उपशाच्या जागी नाल्याचे सांडपाणी मिसळले. शहराचे पाणी शुद्ध करूनच सोडले जात होते आणि विषमज्वराची साथ काही उठली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती आज ज्याला हेपॅटायटिस ई म्हणतात त्या विषाणूची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

म्हणून पावसाळ्यात, किंवा गावात काविळीचा एकही रुग्ण असेल तर, गाळलेले पाणी खळखळून उकळा. जळण नसेल तर आरोग्य केंद्रात मेडिक्लोर मिळते का पाहा. ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने, गाळून झालेल्या पाण्यात घालायचे आणि अर्धा तास थांबायचे. गढूळ पाण्यात घातलेले औषध गाळावरच खर्ची पडते. विहिरीत टीसीएल पडले असले तरी घरातली खबरदारी सोडू नका. मात्र चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. ते पाण्यात विरघळलेले असते आणि कँडलने जात नाही, उकळूनही जात नाही. तेथे दुसरी विहीरच शोधावी लागते.

आमच्या शिबिराचा तो फिल्टर अजून कॉलेजात आहे. कँडल बदलल्याची तारीख मी त्याच्या झाकणावर रंगाने लिहितो, आणि दर शिबिराच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थी तो माझ्यासमोर सुटा करून पुन्हा जोडतो. पहिल्यांदा तो वायसर मोजून दाखवतो.