सल्ला आणि सत्ता

शासकीय सेवेत मी अनेक सल्लागार समित्या पाहिल्या. सल्ला कुठे संपतो आणि सत्ता कुठे सुरू होते, हे तेथे क्वचितच लिहिलेले असते. म्हणूनच ग्नोम फाउंडेशनचा इतिहास मला उद्बोधक वाटतो.

लिनक्सवरील ग्नोम या मुक्त डेस्कटॉपसाठी ही ना-नफा संस्था अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये जाहीर झाली, तेव्हा सन, आयबीएम अशा बलाढ्य कंपन्या पाठीशी होत्या. कंपन्यांना सल्लागार मंडळावर स्थान मिळाले, निर्णयाधिकार नाही. संचालक निवडतात ते योगदान देणारे सदस्य. परंतु यांतील अनेकजण कंपन्यांचेच पगारदार! म्हणून एकाच कंपनीचे संचालक ४० टक्क्यांहून अधिक नसावेत, असा नियम झाला.

देणगीदाराचे ऐकावे, सही मात्र आपली असावी. हे सौजन्यावर न सोडता नियमात लिहावे लागते.