भात्यांकडे कान ठेवा

१७०९ सालचा हिवाळा. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, सेव्हर्न नदीजवळच्या कोलब्रुकडेलच्या दरीत तुम्ही उभे आहात. अंधार पडलाय. टेकडीला पाठ लावून दगडी झोतभट्टी उभी आहे आणि तिच्या तोंडच्या ज्वाळेनं आजूबाजूच्या फांद्या तांबूस दिसतायत. भट्टी टेकडीला खेटून बांधली ती उगीच नाही. वरच्या वाटेनं गडी टोपल्या घेऊन थेट तिच्या तोंडाशी पोचतात आणि लोहखनिज, चुनखडी, कोक आत रिकामे करतात.

त्या कोकचा एक तुकडा हातात घ्या. करडा, सच्छिद्र, हलका. पण बोटांनी दाबून मोडत नाही. दगडी कोळसा भाजून त्यातला धूर आणि काहीसा गंधक घालवला की हा उरतो. आजवर भट्टीत लाकडी कोळसाच पडे आणि त्यापायी रानं तुटत. शिवाय तो वरच्या ओझ्याखाली चुरतो. चुरा साचला की हवेची वाट बंद. कोक ओझं पेलतो, म्हणूनच पुढे भट्ट्या उंच करता आल्या. भट्टी चालवणारा अब्राहम डार्बी तरुणपणी बर्मिंगहॅमला माल्ट दळायच्या गिरण्या बनवायला शिकला. माल्ट कोकवर सुकवत असत; ही वाट त्याला तिथंच दिसली असावी. त्याचं नशीबही थोर, इथल्या कोळशात गंधक कमी होता. गंधक जास्त असता तर लोखंड ठिसूळ झालं असतं.

आता खाली उतरा. पाणचक्की फिरतेय आणि दोन मोठे चामडी भाते आळीपाळीनं दाबले जातायत. एक मिटतो तोवर दुसरा फुगतो, कारण झोत तुटला की भट्टी गारठते. ओढा आटला तर कामच थांबतं. आत कोक जळून कार्बन मोनॉक्साइड वायू वर चढतो आणि खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. सुटलेलं लोखंड खाली येता येता कार्बन पितं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. कार्बन प्यायलेलं ११५०च्या आसपासच पातळ होतं. खनिजातली माती चुनखडीशी एकजीव होऊन मळी बनते आणि लोखंडावर तरंगते.

मागे सरका. पहारीच्या घावांनी मातीचं बूच फुटतं आणि बीड, म्हणजे ते कार्बन प्यायलेलं लोखंड, बाहेर येतं, डोळे दिपवत, वाळूत काढलेल्या पाटांतून धावत. तोंड भाजतं, पण नजर हटत नाही. मधल्या पाटाला इथले लोक डुकरीण म्हणतात, फाट्यांना तिची पिल्लं. ‘पिग आयर्न’ हे नाव त्यातलंच.

या बिडाची भांडी होतील. वाळूच्या साच्यात पातळ भांडी ओतायचं पेटंट डार्बीनं १७०७मध्येच घेतलंय. पुढे लोक या दरीत येतील ते १७७९चा लोखंडी पूल पाहायला. पण मला पुलापेक्षा हे भांडं मोठं वाटतं, कारण ते साध्या माणसाच्या चुलीवर चढलं.

ती भट्टी आजही तिथं उभी आहे. पुलाच्या कामासाठी डार्बीच्या नातवानं ती वाढवली. तिच्या लोखंडी तुळईवर त्याचं नाव आणि १७७७ हे साल अजून वाचता येतं.